सोनाईच्या पोथीतली मिरची

चिंचखेड्यात सोनाईची पोथी खंडली ती मिरचीपायी, आणि ती मिरची काढली खुद्द पोथी वाचणाऱ्याच्या नातीनं. यापेक्षा वाईट काही घडूच शकत नाही, असं गावाचं म्हणणं पडलं. हिरासिंग राठोड गुरुजींचं म्हणणं वेगळं होतं. पण त्या संध्याकाळी त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही शहाणपणा करून ते सांगितलं नाही.

खंडणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नेरच्या रस्त्याला लागून सोनाई नदी आहे आणि नदीच्या काठावर सोनाईचं देऊळ. श्रावण लागला की देवळात रोज संध्याकाळी पोथी. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मधे समई आणि समईपाशी किसनराव भोयर. किसनरावांच्या आधी त्यांचे वडील वाचायचे, त्यांच्या आधी आजोबा. ओवी संपली की ऐकणाऱ्यांनी 'हूं' म्हणायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की मंडळी जागी आहेत. 'हूं'शिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. कोणी मधेच काही विचारलं की पोथी खंडली. खंडली की पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरुवात. आणि काहीही झालं तरी पोळ्याच्या आधी समाप्ती व्हायलाच हवी, कारण समाप्तीचा नारळ फुटल्याशिवाय गावातला एकही बैल तोरणाखाली उभा राहत नाही. मागे एकदा कोणा महाभागानं शेजाऱ्याला "माहा बैल सुटला का रे?" असं विचारून पोथी खंडवली होती. तो मेला, त्याचा बैल मेला, पण गावानं त्याला अजून माफ केलं नव्हतं.

तर पोळा दोन दिवसांवर. बैलांच्या खांद्यांना चोळायचं खांदशेकणीचं तूप-हळद घरोघर तयार. किसनराव शेवटून दुसऱ्या अध्यायात पोचले होते. राज्य गमावलेली राणी रानात झोपडी बांधून राहते, तो भाग. किसनरावांचा आवाज असा की राणीच्या झोपडीतला धूर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत जावा.

"राणी उठोनि पहाटे । चुलीत सारिले काटे । मिरची वाटी वरवंटे । पाट्यावरी ॥"

"हूं," पुरुषांनी म्हटलं. "हूं," बायांनी म्हटलं. आणि बायांच्या मधून त्यांची नववीतली नात कोकिळा एकदम ताठ झाली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आबाजी, त्रेतायुगात मिरची कुठून आली?"

समईची वातसुद्धा हलली नाही. किसनरावांनी चष्मा काढला, पोथीवर ठेवला आणि पुरुषांच्या रांगेत खांबाला टेकून बसलेल्या हिरासिंग गुरुजींकडे पाहिलं. नातीकडे पाहिलंच नाही. चोर कोण ते त्यांना बरोबर माहीत होतं.

हिरासिंग गुरुजी गावातल्या नव्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत. हायस्कूल म्हणजे जुन्या जिनिंगचं कापसाचं गोदाम. मुलांच्या केसांत अजूनही सरकीचा भुगा सापडायचा. दोन्ही विषय एकाच माणसाकडे असल्यामुळे शनिवारचा शेवटचा तास त्यांनी आपल्या हिमतीवर एका तिसऱ्याच गोष्टीसाठी राखला होता. त्या तासाला ते पोथ्या-पुराणं शिकवत. नमस्कार करायला शिकवत नव्हते, तो मुलांना घरीच येत होता. हे कोणी लिहिलं असेल, कोणासाठी, काय पाहून, काय खाऊन, असं ते विचारत. चांगली ओवी आली की तीच ओवी ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावत, आणि ती चांगली का लागते हे मुलांनाच शोधायला सांगत. बोराच्या झाडावर चढल्यासारखी मुलं त्या तासावर तुटून पडत.

मिरचीचं त्यांनीच सांगितलं होतं. मिरची आपल्या देशातली नाही, चार-पाचशे वर्षांपूर्वी गलबतांतून दर्याकाठी उतरली, त्याआधी इथली माणसं तिखटासाठी मिरे वापरत. वर्ग आधी हसला, मग हादरला. ठेच्याशिवाय आपले पूर्वज जगले तरी कसे, हा प्रश्न कित्येकांना रात्री झोपू देईना. कोकिळेच्या डोक्यात मात्र तो नेमका देवळात, आपल्या आजोबांच्या तोंडून 'मिरची' ऐकल्याबरोबर पेटला. पोरीचा दोष एवढाच की तिला जागा कळली नाही.

पुढचे दोन दिवस चिंचखेड्यात दुसरं काही झालं नाही. किसनराव उजाडल्यापासून वाचत होते. त्यांचा घसा बसला की दुसरा वाचायचा, दुसऱ्याचा बसला की पुन्हा किसनराव, आणि गाव पाळीपाळीनं 'हूं' म्हणायला जात होतं. पोळ्याच्या दिवशी बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली चढवल्या, आणि ती बिचारी जनावरं तोरणापासून लांब, उपाशी, दिवसभर उभी. एकानं तर कंटाळून शेजारच्या बैलाची कागदी फुलं खाल्ली. दिवेलागणीला नारळ फुटला. कंदील धरून तोरण तुटलं. पोळ्याची गाणी, म्हणजे झडत्या, म्हणणाऱ्यांना एकमेकांची तोंडं दिसेनात. असा पोळा कोणाच्या आज्यानं पाहिला नव्हता.

राग गुरुजींवर निघाला. किसनराव शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निरोप पाठवला: शनिवारी मंडळ तासाला येऊन बसेल, काय चालतं ते ऐकेल आणि तो तास बंद करेल. कोकिळेचं नाव शाळेतून काढायचं. दारव्ह्याकडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं, तिकडे होकार कळवायचा.

ऐकण्याआधीच निकाल देणारा न्यायाधीश गुरुजींनी पहिल्यांदाच पाहिला होता असं नाही. पण कोकिळेचं मात्र वेगळं होतं. तास गेला असता तर त्यांनी दुसरा शोधला असता. पोर गेली असती तर परत आली नसती.

मुख्याध्यापक रामराव घाबरट पण भले होते. "राठोड, माफीचा एक शब्द टाका न," ते म्हणाले. "मिरची खोटी होती म्हना. तुमचं काय जाते?"

"मिरची खोटी नाई, सर."

"अजी, मले मालूम हाये खोटी नाई. पन सांगाले काय होते?"

"पोट्टीनं खरा प्रश्न इचारला. मीच आता खोटा ठरवला तर शनिवारी कोन्या तोंडानं शिकवू?"

रामरावांनी कपाळाला हात लावला.

गुरुजींचं हे धाडस उसनं नव्हतं. ते दिग्रसकडच्या बंजारा तांड्यातले. तांड्यात पोथी नव्हती. वर्षातून एकदा भाट यायचा आणि पिढ्यानपिढ्यांची नावं गायचा. तो एखादा पणजोबा चुकला की गुरुजींची याडी, म्हणजे आई, सगळ्यांसमोर त्याला थांबवायची, "तो थोरला, हा धाकटा, नीट गा" म्हणून. भाट नीट गायचा, आणि मग याडीच त्याला पोटभर जेवू घालायची. थांबवलं म्हणजे अपमान झाला, असं तिथं कोणाच्या मनातही येत नसे. ज्याचं ऐकायचं त्यालाच विचारायचं, हे हिरासिंग आईच्या मांडीवर शिकले होते. पुढे कॉलेजात त्यालाच अभ्यास म्हणतात असं कळलं, तेव्हा त्यांना फार नवल वाटलं नाही.

शनिवारी गोदाम भरलं. पुढे मुलं. भिंतीकडे सतरंजीवर मंडळाचे लोक, मधोमध किसनराव, धोतर कडक, चेहरा त्याहून कडक. दाराशी, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर, त्यांच्या बायको कांताबाई आणि आळीतल्या दोन-तीन बाया. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नातीची शाळा सुटते ते तरी पाहू, म्हणून आल्या होत्या. कोकिळा पहिल्या रांगेत बसून बोटं मोडत होती.

मंडळींना वाटलं, गुरुजी आता मिरचीची सफाई देतील. गुरुजींनी मिरचीचं नावही घेतलं नाही.

"पोरांनो," ते म्हणाले, "आज मी शिकवणार नाही. सोनाईची पोथी किसनरावांइतकी चांगली वाचणारा माणूस पंचक्रोशीत नाही. ते इथे आहेत आणि मी वाचावं, हे मला शोभत नाही. किसनराव, तिसरा अध्याय म्हणा."

हे पाया पडणं होतं की पाय ओढणं होतं, किसनरावांना चटकन कळेना. "शाळेत? पोथी नाई आनली मी."

"तुम्हाला पोथी कशाला लागते?"

ते खरं होतं. आणि माणसाला आपला आवडता अध्याय म्हण म्हटल्यावर न म्हणणं जड जातं. "पन कोनी मधात इचारलं तर?" किसनराव गुरगुरले.

"हे देऊळ नाही. इथे पोथी खंडत नाही. इथे विचारलं की थांबायचं, सांगायचं आणि पुढे जायचं. तुम्हाला नाही जमलं तर तास बंद, मी स्वतः कुलूप लावतो."

किसनरावांनी घसा साफ केला. तिसरा अध्याय म्हणजे सोनाईच्या जन्माचा. राज्यात पाणी नाही, नदी कोरडी ठाक. ऋषी राजाला सांगतात, तुला सगळ्यात प्रिय असेल ते नदीला दे. राजा आपल्या लेकीला, सोनाईला, हाताला धरून कोरड्या पात्रात नेतो. किसनराव म्हणू लागले आणि गोदामाचं देऊळ झालं. पहिल्या काही ओव्यांना मुलं सवयीनं 'हूं' म्हणत राहिली. मग मागून एकानं भीतभीत हात वर केला.

"राजानं जनावर काहून नाई देलं?"

किसनरावांच्या कपाळाची शीर उठली. गुरुजी शांत उभे. अखेर म्हातारबांनी शीर खाली बसू दिली. "प्रिय म्हटलं न ऋषीनं. जनावर देनं सोपं हाये. सोपं देलं तर गोष्ट कायची?" ते म्हणाले, आणि आपल्याच उत्तरावर जरा खूश झालेले दिसले.

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "लिहिणाऱ्याला हे कळत होतं म्हणून तो लेखक. आता इतिहासाचं पाहू. त्यानं दुष्काळ पाहिलेला होता का?"

मुलं तुटून पडली. पाहिला असेल, कारण गाई माती चाटतात असं तो लिहितो, ते न पाहता कोणाला सुचणार नाही. कोणी म्हणालं, तो इथलाच असेल, कारण पळस फुलतो त्या महिन्यात झरे आटतात हे बाहेरच्याला कसं कळेल? किसनराव एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत होते. आपण जन्मभर ज्या ओव्या म्हणत आलो त्यांच्यातल्या गाई ही पोरं आता पहिल्यांदा आपल्याला दाखवतायत, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटत होतं, आणि ते लपवण्याची त्यांची धडपडही. हिरासिंग गुरुजींना त्या क्षणी म्हाताऱ्याबद्दल माया वाटली. आजवर या माणसाबद्दल त्यांना फक्त धाक वाटला होता.

"पुढे म्हणा," ते म्हणाले.

किसनराव म्हणू लागले.

"राजा म्हणे घे गे माते । लेक अर्पिली तूते । नगर अवघे आनंदाते । पावते झाले ॥"

"हूं," मुलं म्हणाली. "हूं," मंडळातले म्हणाले. किसनराव पुढची ओवी म्हणायला तोंड उघडून तसेच थांबले. त्यांची नजर दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

गुरुजींना काही समजलं नाही, पण थांबलेल्या माणसाला काय विचारायचं, हे त्यांना समजत होतं. "किसनराव, एवढी वर्षं तुम्ही पोथी वाचता. वाचणाऱ्याला तर प्रश्न विचारायची सोयच नाही. तुम्हाला कधी काही विचारावंसं वाटलं का?"

मंडळातला एक जण म्हणाला, "अजी गुरुजी, काय बोलता! त्याईले कायचा प्रश्न?"

"हाये," किसनराव म्हणाले.

त्यांचा पोथीचा आवाज कुठेतरी गेला होता. हा घरातला, जुना आवाज होता. "एक हाये. मी लहान असतानी मायजवळ बसत जावो, बायांत. बाबा वाचत. हीच ओवी आली. म्या मोठ्यानं हूं म्हटलं, अन् मायनं माह्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. मंग म्या पाह्यलं, एकही बाई हूं म्हनत नव्हती. पुढं मी वाचाले बसलो. दरसाली या ओवीले बायांकडून आवाज येत नाई. आत्ताही नाई आला." ते दाराकडे पाहतच म्हणाले. "काहून? मायले इचारन इचारन म्हनता ती मरून गेली. पोथीत इचारता येत नाई, अन् घरी इचाराची लाज वाटे. कोनाले इचारू मी?"

गुरुजींना याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि ते त्यांनी सांगूनही टाकलं. "मला माहीत नाही. हे पोथीत लिहिलेलं नाही. पण हाही पोथीचाच इतिहास आहे, आणि तो ज्यांना माहीत आहे त्या इथे बसल्या आहेत."

कांताबाईंनी पदर पुढे ओढला. नवऱ्याशी चारचौघांत सरळ बोलायची रीत नव्हती, म्हणून त्या गुरुजींकडे तोंड करून बोलल्या.

"गुरुजी, यायले सांगा, मी लगन होऊन आली त्या सालच्या श्रावनातच सासूबाईनं मले सांगतलं. म्हने, पोरी, त्या ओवीले हूं म्हनू नको. पोथीत राजा बोलते, ऋषी बोलते, नदी बोलते. त्या लेकराची माय कुठीच बोलत नाई. माय काय हो म्हनली असन? ती नाईच म्हनली असन. लिहिनाऱ्यानं तिचं नाई लिहिलंच नाई. मंग ते आपुन ठेवाचं. त्यायच्या सासूनं त्यायले सांगतलं होतं. साऱ्या गावात असंच हाये. माही तान्ही पोर गेली तवा तर सासूबाई त्या ओवीले उठूनच बाहेर गेल्या होत्या. यायले सांगा, त्यायनं तोंडावर हात ठेवला तो रागानं नाई ठेवला. आपल्या लेकानं तरी तिथं हो म्हनू नये, म्हनून ठेवला."

किसनराव सतरंजीकडे पाहत राहिले. मग त्यांनी उपरण्याचं टोक घेऊन डोळे पुसले, चारचौघांत, चिंचखेड्यानं कधी पाहिलं नव्हतं असं. आईनं दिलेलं उत्तर त्यांच्याच घरात, त्यांच्याच चुलीपाशी इतकी वर्षं होतं, आणि ते आपल्या मुक्कामी आता पोचलं होतं.

"मले सांगतलं काहून नाई?" त्यांनी विचारलं. ते सरळ बायकोला विचारलं.

"इचारलं कोनी?" कांताबाई गुरुजींनाच म्हणाल्या.

इतका वेळ गप्प बसलेली कोकिळा आता मागे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाण्यापेक्षा राग जास्त होता. "आजी, अन् मले? मले कधी सांगनार होती तू?"

"तुले? तुह्या लग्नाच्या वक्ताले. बाईले तवाच सांगतात."

कोकिळेनं आजोबांकडे पाहिलं. सगळ्या गोदामानं आजोबांकडे पाहिलं. हिरासिंग गुरुजी आता काही शिकवू शकत नव्हते आणि काही सुचवूही शकत नव्हते.

किसनराव सावकाश उठले. धोतराचा सोगा झटकला. नातीजवळ जाऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता सांगून झालं न," ते बायकोला म्हणाले. "मंग लग्नाची कायची घाई हाये? दारव्ह्यावाल्याले नाई म्हनून कळवतो मी."